देशकर सरांची उडी

मागच्या रविवारी दुपारी टीव्हीवर तो तलवारबाजीचा जुना पिक्चर लागला होता. परदेशातला, वर हिंदी आवाज चढवलेला. सावकाराचा एकुलता एक मुलगा दिवसभर शिंकतो, घोड्याला भितो, शिपाई दिसला की खुर्चीमागे लपतो. आणि अंधार पडला की तोच काळा नकाब चढवून गढीच्या भिंतीवरून उड्या मारतो, जुलमी सुभेदाराच्या माणसांना लोळवतो आणि कुणाला कळायच्या आत घरी येऊन पुन्हा शिंकायला लागतो. आमचे हे म्हणाले, "पाहू दे ना, मस्त आहे." मस्तच आहे. पिक्चरशी माझं काही वाकडं नाही. पण नकाबवाल्यानं पहिली उडी मारली, मला देशकर सर आठवले आणि तोंडाची चव गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नसलेलं काम काढून बसले.

प्रताप नगरातल्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथे देशकर सर इतिहास शिकवायचे. शिकवायचे म्हणजे छडीनं नकाशा टोचायचे. एक पाय पुढे, डावा हात कमरेवर, आणि छडीचं टोक सप्पकन पानिपतावर. इतक्या वर्षांत पानिपताच्या जागी खरोखरच भोक पडलं होतं. बारीक कोरलेली, रंगवलेली मिशी. ती त्या पिक्चरमधल्या हिरोवरून घेतलेली. लहानपणी मॅटिनीला हा पिक्चर त्यांनी इतक्यांदा पाहिला होता, की पुढे मोबाइलमध्ये भरून ठेवला तेव्हा आवाज बंद करूनच बघायचे. संवाद स्वतः म्हणायचे. स्टाफरूममध्ये, डबा खाताना, आमच्या कानाशी.

एवढ्यावर कुणी वाईट ठरत नाही. आवड एकेकाची. पण देशकर सरांनी त्या पिक्चरमधून जे उचललं ते वेगळंच होतं. हिरो दिवसा भित्रेपणाचं सोंग करतो, हे त्यांना फार पटलं होतं. त्यातलं दिवसाचं काम ते मनापासून करत. रात्रीचं काम कुणी कधी पाहिलं नाही.

एकदा स्टाफरूममध्ये वानर शिरलं. आमच्याकडे काळतोंडी वानरं उन्हाळ्यात पाण्यासाठी येतातच, त्यात नवल नाही. ते आलं, टेबलावर बसलं, माझ्या डब्यातली पोळी घेतली आणि शांतपणे खाऊ लागलं. आम्ही बायका हॅट-हुट करत होतो. देशकर सर दिसेनात. वानर गेल्यावर प्रयोगशाळेतलं कपाट आतून वाजलं. बाहेरची कडी आपोआप पडली होती. मी उघडलं, तर सर हाडांच्या सांगाड्याला चिकटून उभे.

"काय हो सर, हे काय?"

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "दिवसा भ्यायचं असते मॅडम. लोकं गाफील राह्यतात."

मी म्हटलं, "वानर गाफील राहिलं, पण माझी पोळी गेली."

त्यांना राग आला नाही. त्यांना कधीच राग यायचा नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

दुसरी सवय याहून वाईट. कुठेही काही भलं झालं, की देशकर सर मंद हसायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. एका उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांना भर मे महिन्यात दुपारच्या कामाला जुंपलं होतं. नागपूरचा मे म्हणजे सांगायला नको. आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो, भांडलो, रडलो. सर आमच्यासोबत आले आणि सगळा वेळ टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडे बघत बसले. पुढच्या आठवड्यात ऊन इतकं वाढलं की जिल्ह्यातल्या सगळ्याच शाळांना सकाळची वेळ मिळाली. देशकर सर स्टाफरूममध्ये आले, खुर्चीत बसले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"तुम्ही केलं?" आमच्या हिंदीच्या बाईंनी भाबडेपणानं विचारलं.

"नाव घेऊ नका. वरून काही दिसत नाही मॅडम, काम आतून चालू असते."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आणि गंमत अशी की लोक मानायचे. हिंदीच्या बाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी संत्र्याची बर्फी आणून दिली. त्यांनी ती घेतली आणि डबा रिकामा करूनच परत दिला.

त्याच सुमारास शाळेत गजभिये आला. सचिन गजभिये, खेळाचा शिक्षक. उंच, सडपातळ, डावखुरा. मैदानावर पळायला लागला की पोरं स्वतःचा खेळ सोडून त्याच्याकडे बघत बसायची. तो कंत्राटावर होता. दर जूनमध्ये संस्था त्याला पुन्हा घेणार की नाही, हे जूनमध्येच कळायचं. शिक्षण खात्याची मान्यता मिळाली की नोकरी पक्की. ती मिळेपर्यंत सगळं अधांतरी. आई होती, धाकटी बहीण शिकत होती, आणि लग्न त्यानं मान्यतेच्या मागे ठेवलं होतं. "मॅडम, आधी पक्कं होऊ द्या. मंग बुंदीचे लाडू आणतो सगळ्याइले," असं तो मला दरवर्षी सांगायचा.

मान्यतेचा प्रस्ताव संस्थेनं पाठवायचा असतो, आणि संस्थेच्या अध्यक्षांकडे देशकर सरांचं येणंजाणं होतं. म्हणजे अध्यक्षांच्या घरच्या सत्यनारायणाला ते पाटावरची फुलं सारखी करायचे. एवढ्या भांडवलावर त्यांनी गजभियेला सांगितलं, "तुझ्या मान्यतेचं मी पाहतो गा. आतून."

आणि त्या बदल्यात उडी मागितली.

झालं असं, की स्नेहसंमेलनात देशकर सरांनी त्या पिक्चरवरून नाटक बसवलं. सुभेदाराची गढी चांद्याच्या किल्ल्यात आणली, परदेशी हिरोला धोतर नेसवलं, बाकी सगळं होतं तसं ठेवलं. लकडगंजातून लाकडाच्या पट्ट्या आणून तलवारी केल्या. गांधीबागेतून काळ्या सॅटिनचा तागा आणला, त्याचा झगा आणि नकाब देशकर वहिनींनी घरी शिवला. हिरो अर्थातच सर. वय पन्नाशीच्या पुढे. तालमीत ते उभ्यानं संवाद म्हणायचे आणि मारामारी आली की टाळी वाजवून पुढचा प्रवेश घ्यायचे. पोरं विचारायची, "सर, उडीची तालीम?" सर म्हणायचे, "उडी प्रयोगाच्या दिवशी."

प्रयोगाच्या दिवशी नकाबवाल्यानं शाळेच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दोर धरून थेट स्टेजवर झेप घेतली. दहावीच्या तीन पोरांशी एकटा लढला, एकाच्या हातातली तलवार उडवली, दुसऱ्याच्या खांद्यावर हात टेकून पलीकडे गेला आणि परत दोर धरून वर. मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेत देशकर वहिनी आपल्या भावजयांना घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. मग शेवटी नकाबवाला स्टेजवर आला, नकाब काढला, आणि आत देशकर सर. कपाळावर घामाचा थेंब नाही. मिशीचा केस हललेला नाही.

अध्यक्षांनी स्टेजवर जाऊन त्यांना शाल घातली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, तुम्ही डावखुरे कधीपासून झालात? तलवार डाव्या हातात होती."

"हिरोले दोन्ही हात सारखेच असतात मॅडम."

मग मैदानावर जाऊन मी गजभियेला धरलं. तो हसला, कान पकडला. "राहू द्या ना मॅडम. मजा आली मले. अन् मान्यतेचं काम होऊन राह्यलं." मी त्याला म्हटलं, अरे, त्यांच्या भरवशावर राहू नको, त्यांच्या हातात वाटीभर पाणी नाही. तो म्हणाला, "नसू द्या. माह्या हातात तं तेवढंही नाही."

देशकर सरांशी मात्र मी पुन्हा बोलले. स्वतःला जमत नाही तर त्याचं नाव सांगा, त्याला शाल द्या, म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाव सांगितलं तं नकाबाची मजा जाते. अन् मॅडम, ह्या लोकाइच्या अंगात ताकद असते, त्याइले काही वाटत नाही."

"ह्या लोकांच्या म्हणजे कोणाच्या?" मी विचारलं.

त्यांनी मिशीला हात लावला आणि तास आहे म्हणून निघून गेले. तास नव्हता. त्या माणसाबद्दल मला आधी हसू यायचं. त्या दिवसापासून किळस आली, ती आजतागायत आहे.

पुढच्या वर्षी अध्यक्षांनी स्वतःच सांगितलं, नाटक झालंच पाहिजे. उडी आणखी उंच झाली. सरांना आणखी एक शाल मिळाली. गजभियेचा प्रस्ताव कुठे आहे, हे विचारलं की सर ओठांवर बोट ठेवायचे.

तिसऱ्या वर्षी पडद्याची दोरी माझ्याकडे होती, म्हणून सगळं मी जवळून पाहिलं. देशकर सर विंगेत खुर्ची टाकून बसले होते. अंगात तसाच झगा, तोंडावर तसाच नकाब, हातात चहाचा कप. वर गॅलरीत दुसरा नकाब उभा. तबला सुरू झाला, वरच्यानं दोर धरला, झेप घेतली, आणि मधेच मंडपाची बल्ली, दोर बांधलेला तो लाकडी खांब, वाकली. दोर ढिला पडला. तो स्टेजवर उतरला नाही, आदळला. उजवा गुडघा खाली, आणि त्याचा आवाज मला तबल्यावरून ऐकू आला.

मी पडदा पाडला. पोरं धावली, एकानं नकाबाला हात घातला. तेवढ्यात विंगेतून आवाज आला, "नकाब काढू नका रे! नकाब काढू नका!"

पुढच्या रांगेतून देशकर वहिनी धावत आल्या. चपला कुठे पडल्या त्यांना ठाऊक नाही. स्टेजवर त्यांनी त्या काळ्या झग्याला मिठी मारली आणि "अवो, डोळे उघडा ना, अवो" असं करत रडू लागल्या. मी विंगेकडे वळले. मला वाटलं, आता तरी हा माणूस पुढे येईल. बायको रडते आहे, तिला निदान सांगेल, अगं मी इथे आहे. मी स्वतः त्यांच्या झग्याला धरून ओढलं. त्यांनी तो माझ्या हातातून सोडवला आणि ग्रीनरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

अध्यक्षांच्या गाडीत घालून नकाबवाल्याला दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर त्याचं डोकं वहिनींच्या मांडीवर, मी पुढे. मी मागे वळून सांगणार, तोच वहिनींनी वारा लागावा म्हणून नकाब वर सरकवला.

"मायबाई," त्या म्हणाल्या, "हे आमचे नाहीत."

गजभियेचा चेहरा वेदनेनं पांढरा पडला होता. तरी त्यानं हात जोडले. "वहिनी, सर ठीक आहेत. भेऊ नका. ते आत आहेत."

वहिनींनी त्याचं डोकं मांडीवरून काढलं नाही. दवाखाना येईपर्यंत त्या त्याच्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

गजभियेचा गुडघा ऑपरेशनसाठी दोनदा उघडला. तो चालू लागला, पण पळणं संपलं. तो खाटेवर असतानाच संस्थेनं विचारणा केली: कंत्राटावरचा माणूस परवानगीशिवाय गॅलरीत कशाला चढला? देशकर सरांनी सांगितलं, मला काही कल्पना नाही, मी ग्रीनरूममध्ये होतो, मी बाहेर यायच्या आत या पोरानं उडी मारली, त्याला हिरो व्हायची हौस. मी त्याच बैठकीत उभी राहून दरवर्षी उडी कोण मारायचं ते सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, दोन वेळा आम्ही सरांना शाल घातली आहे. आम्हाला काय दिसत नाही?" आपण चुकीच्या माणसाला शाल घातली हे मान्य करण्यापेक्षा एका पोराची नोकरी घालवणं त्यांना सोपं गेलं. त्या जूनमध्ये गजभियेला घेतलं नाही.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वरून बोलता येत नाही मॅडम, पण मी आतून..."

"सर," मी म्हटलं, "तुमच्या आत काही नाही. मी कपाट उघडून पाहिलंय."

गजभिये दाद मागायला वर, शिक्षण खात्याकडे गेला. सुनावणी लागली, पुढे ढकलली गेली, पुन्हा लागली. सगळं एका गोष्टीवर अडलं होतं: तो आपल्या हौसेनं चढला, की शाळेच्या सरांनी सांगितलं म्हणून चढला? हौसेनं चढला असेल तर गेला. सांगितल्यावरून चढला असेल तर नोकरी परत. ज्या पोरांनी सोबत तलवारी चालवल्या ती कॉलेजात गेली होती आणि त्यांच्या आईवडिलांना भानगड नको होती. मी साक्ष दिली. समोरच्या वकिलांनी हसत विचारलं, "डावखुरा माणूस गावात एकच असतो का मॅडम?" माझं तिथेच संपलं. देशकर सरांनी एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक: मी सांगितलं होतं. तोवर ते निवृत्तही झाले होते. त्यांचं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. ते म्हणाले, "वेळ आली का मी येतोच." वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी चहा विचारला, मी नको म्हटलं.

शेवटच्या तारखेला सर आले खरे. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, रंगवलेली मिशी, मागे वहिनी. त्यांनी स्कूटर फाटकाबाहेर लिंबाखाली लावली. वहिनी उतरल्या, त्यांच्याशी काहीतरी बोलल्या. सरांनी घड्याळ पाहिलं, मोबाइल काढला, आभाळाकडे पाहिलं. मग वहिनी एकट्याच आत आल्या.

जिना चढून त्यांना धाप लागली होती. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं, म्हणून थोडी खळखळ झाली, पण सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्यांना बोलू दिलं. पदर नीट करून त्या म्हणाल्या, "मी देशकर सराइची मिसेस. दरसाली ह्या पोराले यांनीच उडी माराले सांगतलं. घरी मले यांनी सोता कबूल केलं." वकिलांनी विचारलं, कशावरून? तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, नाटक झालं का हे रातभर कण्हत. दोन वर्षं मी यांच्या गुडघ्याले तिळाचं तेल लावलं. रोज सकाळी उठून लावलं, महिना महिना लावलं." त्यांनी गजभियेकडे बोट केलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "अन् गुडघा तं याचा होता."

गजभिये मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

निकाल पुढे आला. गजभिये परत लागला, मान्यताही मिळाली. आता तो खुर्चीवर बसून शिट्टी वाजवतो आणि पोरांना पळवतो. लाडू आणले त्यानं. मी खाल्ला, पण पोरं मैदानावर पळत होती आणि तो बसून होता, त्यामुळे घशाखाली नीट उतरला नाही. देशकर सरांना नंतर मी भेटले नाही, भेटायची इच्छाही नाही. त्यांचं शेवटचं दर्शन त्या तारखेचंच.

सुनावणी आटोपून मी वहिनींच्या आधी खाली उतरले. सर लिंबाखाली तसेच उभे होते. मला पाहून घाईनं पुढे आले.

"मॅडम, काय झालं वर?"

"वहिनी बोलल्या. सगळं सांगितलं."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, चला, निदान लाज तरी वाटली. पण ते फार वेळ टिकलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मिशी टिपली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याजवळ वाकून म्हणाले, "मीच पाठवलं तिले."

वहिनी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. म्हणाल्या, "मले कोणी पाठवलं नाही." मग फाटकाशी गजभियेच्या आईनं थांबवलेल्या ऑटोकडे गेल्या, आणि त्या मायलेकांच्या शेजारी बसल्या.

देशकर सरांनी स्कूटर सुरू केली होती. ऑटो निघाला तरी वहिनींसाठी आणलेलं हेल्मेट ते हातात धरून, पुढे करून उभे होते.